यामाहा डीटी-१ : जुन्या ऑफ-रोड मोटारसायकलचे पुनरुज्जीवन आणि विंटेज मोटोक्रॉससाठी तिची तयारी

१९६८ च्या मॉडेल-वर्षात यामाहाने अमेरिकेच्या बाजारात डीटी-१ ही २४६ सीसीची एक सिलिंडर असलेली टू-स्ट्रोक गाडी आणली. मातीत खऱ्या अर्थाने चालणाऱ्या हलक्या गाड्या तोपर्यंत प्रामुख्याने युरोपातून येत असत. बुलटाको, हुस्कवार्ना, ग्रीव्ह्ज ही त्यांतली प्रसिद्ध नावे. त्या गाड्या वेगवान होत्या, पण सतत देखभाल मागणाऱ्या होत्या. डीटी-१ मध्ये ७० मिमी व्यासाचा आणि ७० मिमी स्ट्रोकचा पिस्टन, पाच पोर्टचे (म्हणजे वायू ये-जा करण्याच्या पाच खिडक्यांचे) सिलिंडर, पाच गिअर आणि वेगळ्या टाकीतून ऑइल पुरवणारा ऑटोल्यूब पंप होता. शिवाय ती रोज किक मारली की सुरू होत असे. यामाहाने याच गाडीसाठी जीवायटी नावाचा रेसिंग किटही विकला. त्यामुळे कामावर जाण्यासाठी घेतलेली गाडी रविवारी स्पर्धेत उतरवणे सामान्य माणसाला शक्य झाले. आज अमेरिकेतील विंटेज मोटोक्रॉसमध्ये, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर होणाऱ्या जुन्या गाड्यांच्या शर्यतींत, नवख्या स्पर्धकासाठी मी हीच गाडी सुचवतो, कारण तिचे सुटे भाग मिळतात, तिची रचना सरळ आहे आणि ती चुका बऱ्याच अंशी सहन करते.

मी ओहायोमध्ये राहतो. टू-स्ट्रोक इंजिन उघडण्याचे पहिले धडे मात्र मी पुण्यात, नाना पेठेतून आणलेल्या सुट्या भागांवर आणि एका जुन्या येझदीवर गिरवले. पुढे लिहिलेल्या कामांपैकी इंजिनाचा बहुतेक भाग येझदी, राजदूत किंवा आरएक्स १०० उघडणाऱ्या वाचकालाही उपयोगी पडेल. उदाहरण मात्र मी डीटी-१ चेच ठेवतो, कारण सर्वसाधारण सल्ल्यापेक्षा एका गाडीचा नेमका सल्ला अधिक कामाचा असतो.

लेखाचा मुख्य मुद्दा आधीच सांगतो. स्पर्धेसाठी गाडी बांधताना पहिला पैसा आणि पहिला वेळ डोळ्यांना न दिसणाऱ्या भागांवर खर्च करावा, म्हणजे क्रँक, सील, बेअरिंग, स्विंगआर्मचे बुश, ब्रेकचे लायनर आणि शॉकअप यांवर. रंग आणि जादा ताकद यांचा क्रमांक सर्वांत शेवटी येतो.

आधी नियमपुस्तिका, मग पाना

अमेरिकेत विंटेज स्पर्धा मुख्यतः एएचआरएमए, म्हणजे अमेरिकन हिस्टॉरिक रेसिंग मोटरसायकल असोसिएशन, या संघटनेच्या नियमांनी चालतात. तिच्या विंटेज मोटोक्रॉस वर्गांत सर्वसाधारणपणे १९७४ पर्यंतच्या बनावटीच्या गाड्या बसतात. चाकाची हालचाल पुढे ७ इंच म्हणजे १७८ मिमी आणि मागे ४ इंच म्हणजे १०२ मिमी यापेक्षा जास्त असू नये, अशी मर्यादा आहे. ही रेषा मनमानी नाही. १९७३ मध्ये हाकान अँडरसन याने यामाहाच्या मोनोशॉक, म्हणजे मागे एकच शॉकअप असलेल्या, गाडीवर २५० सीसीचे जागतिक मोटोक्रॉस विजेतेपद मिळवले आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच शॉकअपची हालचाल इतकी वाढली की जुन्या आणि नव्या गाड्या एकाच उडीवरून सुरक्षितपणे शर्यत करू शकेनात. नियमातील ४ इंचांच्या आकड्यामागे हा इतिहास आहे, आणि तो लक्षात घेतला की मागचे शॉकअप निवडताना पळवाटा शोधण्याचा मोह होत नाही.

म्हणून चालू वर्षाची नियमपुस्तिका आधी मिळवावी आणि आपली गाडी कोणत्या वर्गात बसते, कोणते बदल चालतात, नंबरप्लेट कोणत्या रंगाची लागते हे लिहून काढावे. दुमडून आपोआप परत येणारे फूटपेग, टोकाला गोळा असलेले क्लच-ब्रेकचे लिव्हर, इंजिन बंद करण्याचे बटण आणि काढून टाकलेले स्टँड या गोष्टी तांत्रिक तपासणीत हमखास पाहिल्या जातात.

गाडी निवडताना

मिड-ओहायोच्या रेसट्रॅकवर जुलैमध्ये भरणाऱ्या विंटेज मोटरसायकल डेज या मेळाव्यात जुन्या भागांचा मोठा बाजार असतो. माझी पहिली डीटी-१ मी अशाच एका बाजारातून घेतली. विकणाऱ्याने ती पूर्णपणे नवी केलेली आहे असे सांगितले होते आणि तिच्या चौकटीवरचा पावडर-कोटिंगचा थर खरोखर देखणा होता. सरावाच्या दुसऱ्याच फेरीत इंजिन जाम झाले. उघडून पाहिले तेव्हा क्रँकचे डावे सील लाकडासारखे कडक झालेले होते आणि पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या बाजूवर उभे ओरखडे होते. तेव्हापासून मी चमकणारी गाडी घेत नाही. धुळीने माखलेली, पण पूर्ण आणि कोणी हात न लावलेली गाडी घेतो.

पाहताना चार गोष्टींवर वेळ घालवावा. चौकटीच्या मानेजवळचे आणि स्विंगआर्मच्या खिळीजवळचे वेल्डिंग बारकाईने पाहावे. मागचे चाक धरून आडवे हलवावे, म्हणजे बुशची झीज हाताला कळते. किकने इंजिन फिरते का आणि सर्व गिअर पडतात का ते पाहावे. इंजिन आणि चौकटीवरचे क्रमांक कागदपत्रांशी जुळतात का ते तपासावे. दिवे, मीटर, बॅटरीची पेटी असे शर्यतीला न लागणारे भाग गाडीसोबत असतील तर ते जरूर घ्यावेत, नीट पुसून एका खोक्यात चिठ्ठ्या लावून ठेवावेत. हे भाग आता बनत नाहीत आणि पुढच्या मालकाला ही गाडी मूळ रूपात आणायची असेल तर तो मार्ग आपण बंद करता कामा नये.

उघडणे

प्रत्येक टप्प्यावर दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत घालावेत. जुन्या जपानी गाड्यांचे फुलीचे स्क्रू नेहमीच्या फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हरसाठी नसतात. ते जेआयएस, म्हणजे जपानी औद्योगिक मानकाच्या, मापाचे असतात आणि चुकीचा ड्रायव्हर वापरला की त्यांचे डोके घसरून खराब होते. जेआयएस टोकाचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि आदल्या रात्री सोडलेले गंजविरोधी तेल एवढ्यावर बहुतेक स्क्रू निघतात. मॅग्नेटचे फ्लायव्हील योग्य मापाच्या पुलरनेच काढावे. त्याच्या कडेखाली स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटण्याने फ्लायव्हील आणि क्रँकचे टोक दोन्ही वाया जातात.

तळाचे इंजिन : येथे घाई करू नये

टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस हा पंपच असतो. पिस्टन वर जाताना पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आत ओढले जाते आणि खाली येताना ते दाबून सिलिंडरमध्ये पाठवले जाते. या पंपाला कुठूनही गळती असली तर कार्बोरेटरमध्ये कितीही जेट (पेट्रोलचे माप ठरवणारी बारीक छिद्रे) बदलले तरी गाडी नीट चालत नाही. डीटी-१ मध्ये क्रँकच्या डाव्या बाजूला मॅग्नेट आणि उजव्या बाजूला क्लच असतो, त्यामुळे दोन्ही सीलची गळती वेगवेगळी लक्षणे दाखवते. उजवे सील गेले तर गिअरबॉक्समधले ऑइल क्रँककेसमध्ये ओढले जाते, सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतो आणि गिअरऑइलची पातळी कारण नसताना उतरते. डावे सील गेले तर बाहेरची कोरडी हवा आत येते, मिश्रण पातळ होते (म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते), इंजिन तापते, रेस सोडल्यावरही आवाज लवकर खाली येत नाही आणि शेवटी पिस्टन जाम होतो. पहिल्यात निदान धूर सूचना देतो. दुसरे मात्र जवळजवळ गुपचूप इंजिन मारते, म्हणून त्याची धास्ती अधिक बाळगावी.

पन्नास वर्षांहून जुन्या गाडीत इंजिन फिरते आहे म्हणून क्रँक तसाच ठेवू नये. केस उघडून क्रँक बाहेर काढावा. कनेक्टिंग रॉडचे वरचे टोक डावी-उजवीकडे हलवून पाहावे. नव्या क्रँकमध्ये ही हालचाल साधारण ०.८ ते १.० मिमी असते आणि ती २ मिमीच्या पुढे गेली असेल तर बिग-एंड बेअरिंग बदलण्याची वेळ झालेली असते. रॉड वर-खाली ओढल्यावर जराही ढिलाई जाणवली तर मोजमापाची वाट न पाहता नवा रॉड-किट घालावा. हे काम हायड्रॉलिक प्रेसवर होते. त्यानंतर क्रँकची दोन्ही टोके व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजने त्यांचा डगमग ०.०३ मिमीच्या आत आणावा लागतो. हे अनुभवी लेथवाल्याकडूनच करून घ्यावे आणि काम झाल्यावर डायल गेजवरचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा.

मुख्य बेअरिंग बसवताना ॲल्युमिनियमचे केस ओव्हनमध्ये सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंत गरम करावे आणि बेअरिंग आधी काही तास फ्रीजरमध्ये ठेवावे. असे केले की बेअरिंग हाताच्या दाबाने आत जाते आणि त्यावर हातोडा उचलावा लागत नाही. क्रँक केसमध्ये ओढून घेण्यासाठी स्क्रूचे अवजार वापरावे, कारण क्रँकवर हातोडा मारला की नुकतीच सरळ केलेली टोके पुन्हा वाकडी होतात. सीलच्या ओठांना ग्रीस लावावे. केसच्या दोन अर्ध्या भागांमध्ये पूर्ण न सुकणारे सीलंट पातळ थरात लावावे आणि जुन्या सीलंटचे अवशेष ब्लेडने खरवडू नयेत, कारण त्या ओरखड्यांतूनच गळती होते. ते रसायनाने मऊ करून प्लास्टिकच्या पट्टीने काढावेत.

इंजिन जुळवून झाले, सिलिंडर आणि हेड बसले की दाबाची चाचणी करावी. इनटेक आणि एक्झॉस्ट रबराच्या बुचांनी बंद करावेत आणि प्लगच्या भोकातून नळीने हवा भरावी. यासाठी रक्तदाब मोजण्याचे जुने यंत्र उत्तम चालते, कारण त्याच्या डायलवरचा ३०० हा आकडा म्हणजे जवळपास ६ पीएसआय. तेवढा दाब भरून सहा मिनिटे थांबावे. काटा स्थिर राहिला तर इंजिन बंदिस्त आहे. तो उतरू लागला तर प्रत्येक सांध्यावर, सीलवर आणि बुचांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधावेत. अनेकदा गळती आपल्याच बुचातून होत असते, म्हणून सुरुवात तिथून करावी. ही चाचणी अर्ध्या तासाची आहे आणि मी ती प्रत्येक इंजिनावर, अगदी दुसऱ्याने नुकतेच बांधून दिलेल्या इंजिनावरही, करतो.

सिलिंडर, पिस्टन आणि रिंगा

डीटी-१ च्या मूळ सिलिंडरमध्ये बिडाचा लायनर असतो, त्यामुळे त्याला बोअरिंग करता येते. पिस्टन ०.२५ मिमीच्या टप्प्यांनी वाढत्या मापात मिळतात. सिलिंडर आधी बोअर करून मग पिस्टन शोधू नये. पिस्टन हातात घेऊन, त्याचा स्कर्ट, म्हणजे खालचा भाग, पिनशी काटकोनात मायक्रोमीटरने मोजून, त्या पिस्टनसाठी सिलिंडर बोअर करून घ्यावे. ओतीव पिस्टनसाठी साधारण ०.०४ ते ०.०५ मिमी फट लागते. फोर्ज्ड पिस्टन तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून त्याला पिस्टन बनवणाऱ्याने दिलेली अधिक फटच ठेवावी. हॉनिंगनंतर पोर्टांच्या कडा किंचित गोल करून घ्याव्यात. हे काम बोअरिंगवाले अनेकदा विसरतात आणि मग नव्या रिंगा त्या धारदार कडांमध्ये अडकून तुटतात. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट फीलर गेजने मोजावी, ती सुमारे ०.२ ते ०.४ मिमी असावी. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे ठेवावा. पिनच्या क्लिपा दर वेळी नव्या वापराव्यात.

हेड कायमचे बसवण्याआधी स्क्विशची फट, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असताना त्याच्या कडेत आणि हेडमध्ये उरणारी फट, मोजावी. पिस्टनच्या डोक्यावर, पिनच्या रेषेत दोन्ही बाजूंना, सुमारे २ मिमी जाडीच्या सोल्डरच्या तारेचे तुकडे ग्रीसने चिकटवावेत, हेड योग्य टॉर्कने घट्ट करावे, इंजिन हाताने एकदा फिरवावे आणि चेपलेल्या तारा मोजाव्यात. २५० सीसीच्या अशा इंजिनासाठी १.२ ते १.५ मिमी ही सुरक्षित आणि उपयोगी फट आहे.

पोर्ट घासून ताकद वाढवण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे : पहिल्या हंगामात ते करू नये. डीटी-१ चे इंजिन पिस्टन-पोर्ट पद्धतीचे आहे, म्हणजे इनटेकचे दार पिस्टनचा स्कर्टच उघडतो आणि बंद करतो. स्कर्ट कापला किंवा इनटेक खाली वाढवला की वरच्या आरपीएमला ताकद मिळते, पण खालच्या आरपीएमला मिश्रण उलटे कार्बोरेटरकडे फेकले जाते आणि वळणातून बाहेर पडताना गाडी अडखळते. विंटेज ट्रॅकवर वेळ वाचतो तो वळणातून लवकर आणि सरळ बाहेर पडण्याने. शिवाय काढलेला धातू परत लावता येत नाही. त्या काळच्या धाटणीचा चांगला एक्स्पान्शन चेंबर (मध्ये फुगीर असलेला टू-स्ट्रोकचा एक्झॉस्ट पाइप) आणि २८ किंवा ३० मिमीचा मिकुनी कार्बोरेटर एवढ्यावर ही गाडी आपल्या वर्गात मानाने धावते.

इग्निशन आणि ऑइल

मूळ पॉइंट आणि कंडेन्सर नवे असतील, पॉइंटची फट ०.३ ते ०.४ मिमीच्या आत असेल आणि टायमिंग प्लगच्या भोकात डायल गेज लावून मॅन्युअलमधल्या आकड्यावर बसवलेले असेल, तर ही पद्धत पूर्ण विश्वासार्ह आहे. नियम परवानगी देत असतील तर इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावून ही देखभाल वाचवता येते. पण अशा किटमधला हलका रोटर इंजिनाला चटकन आरपीएम घ्यायला लावतो आणि ओल्या किंवा निसरड्या मातीत मागचे चाक जागीच फिरू लागते. जड फ्लायव्हील हे या गाडीचे सामर्थ्य आहे आणि नवख्या स्पर्धकाने ते सोडू नये.

राजदूत ३५० वापरलेल्यांना ऑटोल्यूबची ओळख असेल. रस्त्यासाठी ती सोय उत्तम आहे. शर्यतीत मात्र ऑइलची नळी निसटण्याचा किंवा पंपाची केबल ढिली पडण्याचा धोका असतो आणि तो घडल्याचे कळेपर्यंत इंजिन गेलेले असते. म्हणून मी पंप काढून, त्याची जागा पत्रा आणि पॅकिंगने बंद करून, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतो. चांगल्या सिंथेटिक टू-टी ऑइलसाठी ३२ ला १ हे प्रमाण योग्य आहे, म्हणजे ५ लिटर पेट्रोलला सुमारे १५६ मिली. प्रमाण मोजून घ्यावे, अंदाजाने ओतू नये, कारण जास्त ऑइल म्हणजे त्याच मापात कमी पेट्रोल आणि परिणामी पातळ मिश्रण होय. गिअरबॉक्समध्ये ओल्या क्लचसाठी असलेले जेएएसओ एमए दर्जाचे ऑइलच घालावे. मोटारीच्या ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे क्लच घसरतो.

टाकी, चौकट आणि स्विंगआर्म

टाकीतला गंज सायट्रिक ॲसिडने, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या लिंबूसत्त्वाने, निघतो. लिटरला १०० ग्रॅमचे कोमट द्रावण एक-दोन दिवस ठेवावे, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारावे, धुऊन लगेच वाळवावे आणि आत टू-टी ऑइल फिरवावे, नाहीतर काही तासांत पुन्हा तांबूस गंज चढतो. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल जुन्या नळ्या आणि टाकीच्या आतले काही लेप मऊ करते, म्हणून नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या घ्याव्यात आणि शर्यतीनंतर कार्बोरेटर रिकामा करावा.

चौकट सँडब्लास्ट करण्यापूर्वी क्रमांकाची जागा, मानेचे बेअरिंग-कप आणि सर्व आटे टेप लावून झाकावेत. उघड्या धातूवर तडे शोधण्याचे भेदक रंगद्रव्य मारून मान, स्विंगआर्मची खीळ, फूटपेगचे टेकू आणि शॉकअपचे वरचे पाय तपासावेत. तडा वेल्डिंगने भरण्याआधी त्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडावे, म्हणजे तो पुढे सरकत नाही. पावडर-कोटिंगऐवजी साधा टू-पॅक रंग मी पसंत करतो. जाड प्लास्टिकसारख्या थराखाली नवा तडा लपून राहतो, तर पातळ रंगात तो रेषेसारखा दिसतो.

स्विंगआर्मचे झिजलेले बुश हा या गाडीचा सर्वांत दुर्लक्षित दोष आहे. वेगात मागचा भाग आडवा पोहतो आणि चालवणारा मात्र दोष टायरला देतो. नवे ब्राँझचे बुश बसवून, खिळीला ग्रीस-निपल लावून दर शर्यतीनंतर ग्रीस भरावे. मानेतल्या सुट्या गोळ्यांऐवजी टेपर रोलर बेअरिंग घालणे हा स्वस्त आणि फार फरक पाडणारा बदल आहे.

शॉकअप : हालचाल कमी, पण ती पूर्ण वापरावी

मागे १०२ मिमीची मर्यादा असल्यामुळे प्रत्येक मिलिमीटर कामाला लागला पाहिजे. शॉकअप विकत घेण्याआधी मूळ शॉकअपची डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची लांबी मोजावी. नवे बसवल्यावर त्यांची स्प्रिंग काढून चाक पूर्ण वरपासून पूर्ण खालपर्यंत हलवून अक्षाची उभी हालचाल पट्टीने मोजावी. शॉकअपच्या दांड्याची हालचाल आणि चाकाची हालचाल एक नसते. शॉकअप अक्षाच्या जितका पुढे बसलेला असेल तितकी चाकाची हालचाल दांड्यापेक्षा जास्त होते. आकडा मर्यादेपलीकडे गेला तर शॉकअपच्या आत स्पेसर घालून तो कमी करावा लागतो. तपासणीला जाण्याआधी हे घरीच करावे.

स्प्रिंग निवडताना स्वतःचे वजन हेल्मेट, बूट आणि कवचासह धरावे. गाडी स्टँडवर असताना अक्षापासून सीटखालच्या एका खुणेपर्यंतचे अंतर मोजावे, मग पूर्ण पोशाखात बसून तेच अंतर दुसऱ्याकडून मोजून घ्यावे. फरक २५ ते ३० मिमी असावा. तो अधिक असेल तर प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा सुरुवातीचा दाब, वाढवावा. प्रीलोड पुष्कळ वाढवूनच आकडा जमत असेल, आणि चालवणारा नसताना गाडी स्वतःच्या वजनाने जवळजवळ बसतच नसेल, तर स्प्रिंग मऊ आहे आणि ती बदलली पाहिजे.

पुढच्या फोर्कच्या नळ्या व्ही-ब्लॉकवर फिरवून सरळपणा पाहावा. सील जिथे फिरते त्या भागात खड्डे पडले असतील तर हार्ड-क्रोम करून घासून घ्याव्यात किंवा नव्या आणाव्यात. खड्डे असलेल्या नळीवर नवे सील एका दिवसात कापले जाते. ऑइल १० ते १५ वजनाचे घ्यावे. स्प्रिंग काढून, फोर्क पूर्ण दाबून, वरच्या कडेपासून ऑइलची पातळी मोजावी. साधारण १५० मिमीपासून सुरुवात करून १० मिमीच्या टप्प्यांनी बदल करावा. पातळी वर आणली की आतली हवा कमी होते आणि शेवटचा भाग कडक होतो. नळीवर एक बारीक प्लास्टिकची पट्टी बांधावी. ट्रॅकच्या सर्वांत मोठ्या उडीनंतर ती तळापासून जेमतेम १० मिमीवर थांबली तर पातळी बरोबर बसली असे समजावे.

चाके आणि ब्रेक

डीटी-१ ला पुढे १९ इंची चाक असते. या मापात आज मातीसाठी मिळणारा टायर बहुधा लहान मुलांच्या ८५ सीसी गाड्यांचा ७०/१००-१९ असतो आणि तो या वजनाच्या गाडीला अरुंद पडतो. म्हणून नियमांत बसत असेल तर २१ इंची ॲल्युमिनियमची रिम नव्या आऱ्यांनी मूळ हबवर बांधून घेणे शहाणपणाचे ठरते. टायरची निवड मोकळी होते आणि खाचखळग्यांवरून चाक अधिक सहज जाते. मागे १८ इंच कायम ठेवावे. दोन्ही चाकांना रिम-लॉक (टायर रिमवर घसरू न देणारी पकड) लावावे आणि हवा १२ ते १४ पीएसआय ठेवावी. नव्या आऱ्या पहिल्या दोन-तीन सरावांत ढिल्या पडतात, म्हणून प्रत्येक सरावानंतर त्या वाजवून पाहाव्यात. घट्ट आरीचा आवाज खणखणीत येतो, ढिली आरी बद्द वाजते.

ड्रम ब्रेक मंद असतात असे म्हणणाऱ्यांनी बहुधा नीट बसवलेला ड्रम वापरलेला नसतो. नवे लायनर चिकटवल्यावर बूट ड्रमच्या गोलाईप्रमाणे लेथवर घासून घ्यावेत, म्हणजे संपूर्ण लायनर टेकतो. चाक बसवताना अक्षाचा नट घट्ट करण्यापूर्वी ब्रेक दाबून धरावा, म्हणजे प्लेट मध्यावर बसते. पुढच्या ब्रेकची केबल चांगल्या प्रतीची आणि शक्य तितक्या सरळ मार्गाने न्यावी.

कार्बोरेटर बसवणे

एअर फिल्टर ऑइल लावलेल्या फोमचा असावा आणि त्याची बैठक पूर्ण बंदिस्त असावी. धूळ आत गेली तर पिस्टन एका दिवसात झिजतो. जेटिंगची सुरुवात अंतिम स्थितीतल्या फिल्टर आणि सायलेन्सरसह करावी, कारण नंतर त्यातले काहीही बदलले की सगळे पुन्हा करावे लागते.

मुख्य जेट मुद्दाम एक-दोन मापे मोठा घालून सुरुवात करावी, म्हणजे बाकीचे जुळवताना इंजिन सुरक्षित राहते. मग पायलट जेट आणि एअर स्क्रू घ्यावा. इंजिन गरम झाल्यावर स्क्रू एक ते दीड फेरा उघडा असताना आयडल सर्वांत स्थिर मिळाले पाहिजे. त्यासाठी स्क्रू दोन फेऱ्यांपेक्षा अधिक उघडावा लागला तर पायलट जेट एक माप लहान घ्यावा. जवळजवळ पूर्ण बंद करावा लागला तर मोठा घ्यावा. पाव ते पाऊण थ्रॉटलपर्यंत सुईची क्लिप बोलते. तिथे गाडी गडगडत असेल तर सुई एक खाच खाली, आणि कोरडी खडखडत असेल तर एक खाच वर घ्यावी. शेवटी मुख्य जेट एकेक माप कमी करत यावे. लांब सरळ भागात वरच्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल दिल्यावर क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करावे आणि प्लग काढून पाहावा. आजच्या शिसेविरहित पेट्रोलचा रंग प्लगच्या टोकावर फिकट उमटतो, म्हणून चिनीमातीच्या अगदी मुळाशी दिसणाऱ्या तपकिरी कड्याकडे भिंगाने पाहावे. ते कडे दिसत नसेल तर मिश्रण पातळ आहे. सकाळच्या थंड हवेत ऑक्सिजन दाट असतो, त्यामुळे दुपारी उत्तम चाललेला जेट दुसऱ्या दिवशी पहाटेच्या सरावात पातळ ठरू शकतो, हे ध्यानात ठेवावे.

गिअरिंग, नवे इंजिन रुळवणे आणि शर्यतीचा दिवस

रस्त्यासाठी दिलेले गिअरिंग ट्रॅकला लांब पडते. पुढचा स्प्रॉकेट एका दाताने लहान केला की पुरेसा फरक पडतो. उदाहरणार्थ, १५ आणि ४४ दातांची जोडी २.९३ हे गुणोत्तर देते, तर १४ आणि ४४ ची जोडी ३.१४.

नवे इंजिन प्रथम सुरू केल्यावर सिलिंडर हाताला गरम लागेपर्यंत चालवावे आणि पूर्ण थंड होऊ द्यावे. असे तीनदा करून थंड स्थितीत हेडचे नट पुन्हा टॉर्कने तपासावेत. त्यानंतरची टाकीभर अर्ध्या थ्रॉटलच्या आत, पण सतत वर-खाली करत चालवावी. एकाच वेगात तासभर चालवण्याने रिंगा बसत नाहीत.

ट्रॅकवर पोहोचल्यावर चेनचा ढिलेपणा गाडीवर वजन टाकून पाहावा, स्टँडवर नव्हे. अक्षांचे नट, शॉकअपचे बोल्ट, फूटपेग, हँडलचे क्लॅम्प आणि आऱ्या तपासून प्रत्येक नटावर रंगाची एक आडवी रेघ ओढून ठेवावी, म्हणजे पुढच्या फेरीआधी एका नजरेत कोणता नट फिरला ते कळते. सोबत दोन प्लग, क्लच आणि थ्रॉटलच्या केबल, चेनची जोडकडी, पुढची ट्यूब, दोन मापे वरचे आणि दोन मापे खालचे मुख्य जेट, तसेच तेल लावून पिशवीत बंद केलेला दुसरा एअर फिल्टर ठेवावा. दिवसभर धूळ असेल तर फिल्टर दोन शर्यतींच्या मध्ये बदलावा. घरी आल्यावर गिअरऑइल गरम असतानाच काढावे आणि ते स्वच्छ फडक्यातून गाळावे. बारीक राखाडी चिखल क्लचच्या प्लेटांचा असतो आणि तो नेहमीचाच आहे. चमकणारे पितळी कण किंवा पोलादाचा कंगोरा दिसला तर पुढच्या शर्यतीची नोंदणी करण्याआधी उजवे कव्हर उघडून बघावे.